क्राकुफचा जेवण + लोकनृत्य शो: क्राकोव्याकसाठी नक्की जा, जेवणासाठी नको

पोलंडमधल्या क्राकुफला येणारे आपले बरेच लोक किल्ला आणि मिठाची खाण करून निघून जातात आणि इथला स्वतःचा नाच, क्राकोव्याक, बघायचा राहूनच जातो, म्हणून हे लिहितेय. जुन्या शहरात मोठ्या चौकाजवळ तळघरातली रेस्टॉरंट आहेत, त्यातल्या काहींमध्ये जेवताना लोकनृत्याचा कार्यक्रम असतो. अशाच एका ठिकाणी आम्ही घरचे सगळे गेलो होतो.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वाजवणारे समोर होते. व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि उभा मोठा बास. क्राकोव्याकला हे लागतंच हो, कारण जुन्या पद्धतीत पुढच्या जोडीतला गडी नाचत नाचत वादकांसमोर येऊन थांबतो, टाचा आपटतो, एक छोटं कडवं गातो, बरेचदा तिथल्या तिथे जुळवलेलं, कुणाची तरी फिरकी घेणारं, मग वादक तीच चाल उचलतात आणि सगळ्या जोड्या गोलात धावत सुटतात. म्हणजे पुढे काय वाजणार हे नाचणारा ठरवतो, रेकॉर्ड लावून हे कसं जमणार? इथे त्या पोराने पुढच्या टेबलावरच्या एका पोलिश आजींकडे बघत कडवं टाकलं आणि आजींनी बसल्या जागेवरून गाऊन उत्तर दिलं, अगदी सवाल-जवाब रंगावा तसं, आणि अख्खं तळघर टाळ्या वाजवायला लागलं!

ताल दोनचा आणि जलद, पण जोर आपल्याला वाटतो तिथे पडतच नाही, ऱ्हस्व-दीर्घ-ऱ्हस्व असा मधेच अडकतो, त्यामुळे टाळी धरायला जरा वेळ लागतो. पावलं घोडा दौडल्यासारखी. मधेच उडी मारून हवेतच टाचेवर टाच मारतात, आणि गड्यांच्या कमरपट्ट्याला पितळी कड्यांचा झुबका असतो तो प्रत्येक उडीला खणखणतो. लाल चौकोनी टोपीत मोरपीस, मुलींच्या बिनबाह्यांच्या बंडीवर मण्यांचं भरगच्च काम, गळ्यात पोवळ्याच्या माळा. पोशाख जवळून बघण्यासारखे होते, भाड्याचे स्वस्तातले वाटले नाहीत.

एक गोष्ट मात्र खटकली. निवेदकाने दोन वाक्यांत विषय संपवला. अहो, केवढा इतिहास आहे याला! आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांचा हा नाच, त्याचा ताल सोळाव्या-सतराव्या शतकातल्या संगीताच्या हस्तलिखितांतही सापडतो. मार्च 1794 मध्ये याच चौकात पोलिश सेनानी कोश्चुश्कोने रशियाविरुद्ध उठावाची शपथ घेतली, 4 एप्रिलला रात्सुआवित्सेच्या लढाईत इथल्या शेतकऱ्यांनी गवत कापायची पाती काठीला सरळ बसवून रशियन तोफा काबीज केल्या, आणि नंतर कोश्चुश्को स्वतः शेतकऱ्याचा अंगरखा घालायला लागला. 1795 ला शेजारच्या सत्तांनी वाटून घेतल्यामुळे पोलंड नकाशावरून गेलाच, तो 1918 पर्यंत, पण त्या काळात इथल्या गावचा पोशाख आणि नाच सगळ्या देशाचा झाला. पोलिश संगीतकार शोपँने 1828 मध्ये पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी क्राकोव्याक लिहिला. आज पोलोनेझ, माझूर, कुयाव्याक आणि ओबेरेकसोबत हा पाच राष्ट्रीय नृत्यांपैकी एक आहे, बाकी चारही तीनच्या तालात, हा एकटाच दोनचा. यातलं निम्मं जरी सांगितलं असतं तरी परदेशी पाहुण्यांनी मोबाईल खाली ठेवून बघितलं असतं.

जेवण ठीकठाक. बटाटा आणि ताज्या चीजचे पिएरोगी (सारण भरून उकडलेल्या करंज्यांसारखे) गार आले, बीटचं सूप छान होतं पण शाकाहारी असाल तर मांसाचा स्टॉक घातलाय का हे आधी विचारा. आम्हाला टेबल खांबाआड दिलेलं, सांगितल्यावर लगेच बदलून दिलं, कुरकुर नाही.

नाचाला पाच स्टार, जेवणाला तीन. बुक करताना वादक प्रत्यक्ष असतात का आणि टेबल नाचाच्या जागेजवळ मिळेल का, दोन्ही विचारून घ्या. त्याच दिवशी दुपारी काझिमिएझ भागातलं एथ्नोग्राफिक म्युझियम केलंत तर पोशाख निवांत बघता येतील आणि संध्याकाळी कोण काय घालून नाचतंय ते कळेल.