प्लेअरमधलं गाणं गाडीच्या टेपमध्ये: बेळगावात मिळणाऱ्या जोडण्यांची परीक्षा

बेळगावात गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन ‘प्लेअर टेपला जोडायचाय’ एवढंच सांगितलं, तर काउंटरवर आधी येतो तो एफएम ट्रान्समीटर. (प्लेअर म्हणजे खिशातला गाण्यांचा प्लेअर, टेप म्हणजे गाडीचा स्टिरिओ; प्रश्न असा की एकातलं गाणं दुसऱ्यात, शक्यतो डिजिटलच, कसं न्यायचं.) हजाराच्या आत मिळतो, लायटरच्या सॉकेटमध्ये बसतो, वायर ओढावी लागत नाही, दुकानदार दोन मिनिटांत मोकळा. ज्या जुन्या गाडीत रेडिओशिवाय काहीच नाही, तिच्यासाठी ठीक. बाकीच्यांनी घेऊ नये. फाइल डिजिटल असते खरी, पण हा डबा तिचा आवाज रेडिओलहरींवर चढवून पाठवतो आणि एफएममध्ये १५ किलोहर्ट्झच्या वरचं मुळात जातच नाही. झांजेची धार तिथंच बोथट होते. त्यात मोकळी फ्रिक्वेन्सी शोधायची कटकट. बेळगाव शहरात ९०.४ वर वेणुध्वनी हे रेडिओ केंद्र आहे. तवंदी घाट उतरून निपाणी मागं टाकली की कोल्हापूरची ९४.३ आणि ९८.३ पकडू लागतात. शहरात स्वच्छ वाटलेली जागा कागलपर्यंत खरखरायला लागते. घ्यावाच लागला तर ८७.५ ते ८८ या टोकाला लावून बघा, तिथं गर्दी कमी असते.

दुसरी वस्तू टेपच्या ऑक्सच्या (बाहेरून आवाज घ्यायच्या) भोकात बसणारा ब्लूटूथ रिसीव्हर. एफएमपेक्षा कितीतरी बरा. आवाज दाबून पाठवायच्या साध्या एसबीसी पद्धतीत तो सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटपर्यंत नेतो. सीडीच्या आवाजाला १४११ लागतात. पण तेवढ्यावरून तो टाकाऊ ठरत नाही. एमपी३ ऐकणाऱ्याला चालत्या गाडीत फरक कळणं कठीण. खरी गोम वेगळीच: अंकांचा आवाज करणारी चिप, म्हणजे डॅक, इथं त्या टिचभर रिसीव्हरमध्ये असते. तुमच्या महागड्या प्लेअरचा डॅक गप्प बसून राहतो आणि गाडीच्या टेपचाही. पॅकिंगवर एलडॅक (एसबीसीपेक्षा वरची पद्धत) लिहिलं म्हणून भाळू नका. एलडॅक ९९० किलोबिटपर्यंत जातो, पण प्लेअर आणि रिसीव्हर दोघांनाही तो यावा लागतो. एकाला येत नसेल तर जोडणी गुपचूप एसबीसीवर उतरते आणि स्क्रीनवर तसं दिसेलच असं नाही. प्लेअरच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये चालू कोडेकचं, म्हणजे या पद्धतीचं, नाव पाहून घ्या.

साध्या ऑक्स वायरला मात्र उगीच नावं ठेवली जातात. ती डिजिटल नाही, पण प्लेअरला लाइन-आउट (ठरावीक पातळीचा आवाज देणारं वेगळं भोक) असेल तर प्लेअरचाच डॅक कामाला येतो. फक्त हेडफोनचं भोक वापरताना प्लेअरचा आवाज साधारण ८० टक्क्यांवर ठेवा. शंभरावर ठेवला तर काही टेपमध्ये आवाज फाटतो. तीसवर ठेवून टेप वाढवला तर सळसळ वाढते. खानापूर-जांबोटी बाजूला रोजची ये-जा असेल तर काटकोनी पिनची वायर घ्या. सरळ पिन खड्ड्यांत हलून हलून भोक सैल करते, आणि पावसाळ्यातल्या दमटपणानं पिनेवर थर चढला की एकच बाजू वाजायला लागते.

आता मुख्य मुद्दा. टेपला पुढून यूएसबी असेल तर बहुतेक लोकांना हवी असलेली डिजिटल जोडणी आधीच गाडीत आहे आणि तिच्यासाठी एक पैसाही लागत नाही. टेप फाइल वाचतो, टेपचाच डॅक ती वाजवतो, मधे ॲनालॉग काहीच नाही. पण इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

टेप हा यूएसबीच्या भाषेत मालक असतो. समोर साठवणीची वस्तू आहे असं तो धरून चालतो. प्लेअरमध्ये ‘यूएसबी ऑडिओ आउट’ लावून वायर जोडली तर प्लेअरही मालक व्हायला बघतो आणि एका म्यानात दोन तलवारी येतात: टेप ‘नो डिव्हाइस’ म्हणतो, प्लेअर नुसता चार्ज होतो. वायर बदलून काही होत नाही, महागडी वायर तर मुळीच घेऊ नका. प्लेअर ‘स्टोरेज’ मोडमध्ये टाका. सोनीच्या जुन्या, अँड्रॉइड नसलेल्या वॉकमनना (ए३५, ए४५) हे जमतं. अँड्रॉइडवाले प्लेअर, उदाहरणार्थ ए१०५, पेनड्राइव्हसारखे नाही तर एमटीपी या वेगळ्या पद्धतीनं बोलतात आणि कारखान्यातून गाडीसोबत आलेल्या बऱ्याच टेपना एमटीपी कळत नाही. तिथं प्लेअरचा हट्ट सोडून त्यातलं कार्ड काढा, दोनेकशे रुपयांच्या रीडरमध्ये घाला आणि रीडर टेपला लावा.

कार्ड लावूनही टेप नुसता ‘रीडिंग’ दाखवत बसला तर आधी फॉरमॅट तपासा. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅट करून विकली जातात. जुन्या टेपना फॅट३२ लागतं. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ देत नाही, त्यासाठी वेगळं छोटं सॉफ्टवेअर लागतं, फुकट मिळतं. फॉरमॅट केलं की कार्ड रिकामं होतं, गाणी आधी दुसरीकडे घ्या. त्यानंतरही गाणी उलटसुलट क्रमानं वाजली तर घाबरू नका. पुष्कळ टेप नावाचा क्रम पाहतच नाहीत, कार्डावर जी फाइल आधी उतरली ती आधी वाजवतात. फोल्डर एकेक करून, क्रमानं कॉपी करा किंवा फॅटसॉर्टसारखं क्रम लावणारं सॉफ्टवेअर चालवा. मॅकवरून कॉपी केलं असेल तर टिंब आणि अधोरेषेनं सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली पुसा; टेप त्यांनाही गाणी समजतो आणि प्रत्येक गाण्याआड एक मुकं गाणं लागतं.

आपल्याकडची खास अडचण नावांची. फाइलचं नाव मराठीत असलं, कन्नडमध्ये असलं, टेपला सारखंच: चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं. दोन अभंग शेजारी दोन चौकोनांच्या रांगा होऊन बसले की चालवता चालवता निवडणार कसे? फाइलचं नाव आणि आतला टॅग (गाण्याचं नाव, गायक वगैरेची नोंद) दोन्ही रोमन अक्षरांत ठेवा. टॅग आयडी३ च्या २.३ आवृत्तीत साठवा, २.४ जुन्या टेपना पचत नाही. कव्हरचं चित्र मोठं असेल तर ५०० पिक्सेलवर आणा, गाणं सुरू व्हायला लागणारा वेळ त्यानं कमी होतो. आणि फ्लॅक (आवाज न गाळता साठवणारी फाइल) चालतो का हे दुकानात पेनड्राइव्ह लावूनच बघा, विक्रेत्याच्या ‘सगळं चालतंय’वर जाऊ नका.

आयपॉड जपून ठेवलेल्यांची सोय यापेक्षा चांगली आहे. ‘मेड फॉर आयपॉड’ लिहिलेल्या टेपला तो यूएसबीनं लावला की आवाज डिजिटलच जातो, यादीही टेपच्या पडद्यावर येते. ही ॲपलची स्वतःची पद्धत आहे म्हणून हे बाकीच्या प्लेअरना जमत नाही. ॲपलनं आयपॉड टच २०२२ मध्ये बंद केला, त्यामुळे बाजारात आता जुनेच फिरतात. बॅटरी फुगलेली नाही ना, पाठ सपाट आहे ना, हे आधी बघा.

शेवटचा रस्ता ऑप्टिकलचा, म्हणजे प्रकाशानं आवाज नेणाऱ्या वायरीचा. तो फक्त अशांसाठी ज्यांनी डिकीत वेगळा डीएसपी (आवाज घडवणारा डिजिटल डबा) बसवला आहे आणि त्याला ऑप्टिकल इनपुट आहे. टेप पूर्ण वगळायचा. फिओच्या एक्स३ सेकंड जनरेशनसारख्या प्लेअरला कोॲक्सियल (तारेतून डिजिटल सिग्नल देणारा) आउटपुट असतो. त्याच्या डब्यात मिळणारी आखूड वायरच वापरा, कारण साध्या ३.५ ते आरसीए वायरची आतली जोडणी वेगळी असते. तिथून ७५ ओहमची वायर, मग पाच व्होल्टवर चालणारा कोॲक्सियल ते ऑप्टिकल डबा, मग काचेसारखी चकाकणारी प्लास्टिकची ऑप्टिकल वायर. छोट्या गाडीत डॅशबोर्डपासून डिकीपर्यंत ५ मीटर पुरते. कारपेटखाली ती कुठंही करकचून वळवू नका, अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान वळण दिलं की प्रकाश अडतो आणि आवाज तुटक येतो. टोकाच्या टोप्या फेकू नका, इथली लाल धूळ आत बसली की हाच त्रास.

फायदा आवाजापेक्षा शांततेचा. विजेऐवजी प्रकाश जातो, म्हणून डीएसपीपर्यंत इंजिनची शिट्टी या वायरीवरून जाऊच शकत नाही. कुमार गंधर्व बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे. त्यांचं एखादं ध्वनिमुद्रण लावा आणि आलापामधल्या विरामात फक्त तानपुरा उरतो ती जागा ऐका. ऑक्सवर तिथं इंजिनाबरोबर चढउतार करणारा एक बारीक ‘ईईई’ सापडतो, ऑप्टिकलवर तानपुराच असतो. पण एक धोका आहे. ऑप्टिकलमधून सिग्नल बहुतेक वेळा पूर्ण ताकदीनं येतो, प्लेअरचं बटण त्याला कमी करत नाही. डीएसपीचं वेगळं आवाजाचं बटण हाताशी नसेल आणि पातळी वर राहिली असेल, तर पहिल्याच ठोक्याला ट्विटर (उंच सुरांचे छोटे स्पीकर) जातील. आधी बटण शून्यावर, मग गाणं. प्लेअर ९६ किलोहर्ट्झच्या वर पाठवणार नाही अशी मर्यादा घाला आणि डीएसडी प्रकारची फाइल असेल तर प्लेअरमध्येच तिचं नेहमीचं पीसीएम करा, नाहीतर डीएसपी गप्प राहतो किंवा फुसफुसतो. वेगळा डीएसपी नसताना केवळ यासाठी तो घेणं मात्र वायफळ खर्च.

शिट्टीचा उगम शोधायला अवजारं लागत नाहीत. इंजिन चालू ठेवून प्लेअरचं चार्जर काढा. शिट्टी गेली तर दोष चार्जरच्या अर्थिंगचा आहे, टेपचा नाही. प्लेअर बॅटरीवर चालवा किंवा ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. तीन-चारशेचा आयसोलेटर शिट्टी घालवतो, पण त्याचा चिमुकला ट्रान्सफॉर्मर तबल्याच्या डग्ग्याचा खालचा भरणा थोडा खातो. हे पटवून घेऊनच घ्या.

फिटिंग करून घेताना पैसे देण्याआधी दुकानासमोरच तपासा: इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, पाय हलकेच ॲक्सिलरेटरवर, गाणं थांबवलेलं, आवाज नेहमीच्या पातळीवर. तेव्हा काही ऐकू आलं तर फिटर अण्णांना तिथल्या तिथं डॅश उघडायला सांगा. ‘चालवलं की जातंय आपोआप’ हे उत्तर घेऊ नका. टेपची मागची अर्थिंगची वायर पेंट खरवडून खऱ्या धातूला लावली आहे का, की आधीच गंजलेल्या स्क्रूखाली दाबली आहे, हे डोळ्यांनी बघा. काढलेले जुने सॉकेट आणि कंपनीचा कपलर सोबत मागून घ्या. वायर कापून जोडली असेल तर टेपच्या वॉरंटीचा वाद पुढं तुमच्याच गळ्यात येतो.