कळमन्यात दोन बहार एसक्यूलाइट: एक फाइल, तीन प्रोग्रॅम

नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये मामांची संत्र्यांची अडत आहे. तिथल्या एकाच कॉम्प्युटरवर तीन प्रोग्रॅम चालतात: एक काट्यावरून वजन घेतो, दुसरा बिल काढतो, तिसरा शेतकऱ्यांची खाती दाखवतो. तिघांचा डेटाबेस म्हणजे एसक्यूलाइटची एकच फाइल; एसक्यूलाइट हा वेगळ्या सर्व्हरशिवाय थेट फाइलवर चालणारा डेटाबेस. अंबिया बहाराला सुरू केलं, आता मृगही आटोपला.

पहिला आठवडा फार वाईट गेला. लिलावाची गर्दी झाली की ‘डेटाबेस इज लॉक्ड’ हा एरर, म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवलेली. दिवाणजी हाक मारायचे, “भाऊ, गाडी काट्यावर उभी आहे, पावती निघून नाही राहिली!”

एसक्यूलाइटच्या मूळच्या रोलबॅक जर्नल पद्धतीत (बदलाआधी जुना डेटा बाजूला जपायचा) कोणी वाचत असेल तोवर लिहिणाऱ्याला कमिट, म्हणजे बदल पक्का, करता येत नाही. खात्यांचा लांबलचक रिपोर्ट चालू असला की वजन अडकायचं. 2010 मध्ये 3.7.0 आवृत्तीत आलेला वॉल मोड (WAL, राइट-अहेड लॉग: बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायचे) लावला आणि ही अडचण गेली. तो एकदा लावला की फाइलमध्येच टिकतो. बिझी टाइमआउट, म्हणजे फाइल अडलेली असेल तर किती वेळ थांबायचं हे, मात्र प्रत्येक कनेक्शनला वेगळा द्यावा लागतो, नाहीतर मूळ लायब्ररी क्षणभरही थांबत नाही.

तरी बिलं मधूनच फसत होती, तीही पाच सेकंदांचा टाइमआउट असताना, क्षणात! यात माझे दोन रविवार गेले. बिलाचा प्रोग्रॅम आधी शेवटचा बिल नंबर वाचायचा, मग त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पार पडणाऱ्या कामांच्या संचात) लिहायला जायचा. तेवढ्यात वजनाची नोंद पडली की त्याने वाचलेलं चित्र शिळं व्हायचं. शिळ्या चित्रावर कितीही थांबून लिहिता येत नाही, म्हणून एसक्यूलाइट तिथल्या तिथे नकार देतं. ते बरोबरच आहे, नाहीतर एका नंबरची दोन बिलं निघाली असती. लिहायचंच आहे तर सुरुवातच ‘बिगिन इमिजिएट’ने करा, म्हणजे लिहिण्याचा हक्क आधीच मिळतो. त्यानंतर एकही बिल अडलं नाही.

आणखी एक. खात्यांची स्क्रीन दिवसभर रीड ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायची, त्यामुळे चेकपॉइंट (वॉलच्या फाइलमधले बदल मूळ फाइलमध्ये उतरवणं) पूर्ण होईना आणि वॉलची फाइल फुगत गेली. वाचून झालं की बंद करायला लावलं.

टेबल कोणतंही असो, एका वेळी लिहिणारा एकच, ही मर्यादा वॉलमध्येही राहते. आमच्या नोंदी चिमुकल्या, म्हणून ती जाणवत नाही. पण मामांना हीच फाइल शेअर्ड फोल्डरमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर हवी होती. मी ठाम नाही म्हटलं. वॉलला शेअर्ड मेमरी लागते, सगळे प्रोग्रॅम एकाच मशीनवर असावे लागतात. पुढच्या अंबियाला दुसरा काटा येतोय, त्याआधी पोस्टग्रेस, म्हणजे नेटवर्कवरून अनेक कॉम्प्युटरना वापरता येणारा सर्व्हर डेटाबेस, बसवणार आहे.