कंपनी, प्रयोगशाळा की विद्यापीठाचं नेतृत्व: इंजिनियरने कधी काय निवडावं

नोकरीत चार-पाच वर्षं झाली की अनेक इंजिनियरांपुढे हा प्रश्न येतो. पगाराची तुलना सगळेच करतात. मला दोन गोष्टी त्याहून महत्त्वाच्या वाटतात: केलेलं काम कोणाच्या मालकीचं राहतं, आणि निवडलेल्या वाटेवरून मागे फिरता येतं का.

कंपनीत तुमचं डिझाइन खरोखर तयार होतं, लोकांच्या हातात पडतं. खर्च, वजन, मुदत आणि हजारो नग एकसारखे बनवण्याची शिस्त तिथेच अंगी येते. मात्र पेटंट बहुधा कंपनीचं असतं. शुजी नाकामुरा १९७९मध्ये जपानच्या निचिया कंपनीत लागले आणि १९९३मध्ये त्यांनी प्रखर निळा एलईडी बनवून दाखवला. त्याबद्दल कंपनीकडून बोनस मिळाला २० हजार येन. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००५मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४चं नोबेल त्यांना विभागून मिळालं, तेव्हा ते कॅलिफोर्नियात सांता बार्बराला प्राध्यापक होते. त्यांची पीएचडी १९९४ची, म्हणजे शोध लागल्यानंतरची. हा अपवाद आहे, त्याच्या भरवशावर आपला बेत आखू नये.

संशोधनात प्रश्न तुम्ही निवडता, पण त्यासाठी पैसा मिळवण्यात, प्रस्ताव लिहिण्यात बराच वेळ जातो. शिवाय सुरुवातीच्या नेमणुका अनेकदा प्रकल्पापुरत्या असतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८मध्ये माहितीचा सिद्धान्त मांडला तो बेल लॅब्जमध्ये, म्हणजे एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत. त्यामुळे नुसतं ‘कंपनी की संशोधन’ असं विचारून भागत नाही. चालू प्रकल्प कोण बंद करू शकतं आणि कोणत्या कारणाने, हे मुलाखतीतच विचारा.

विद्यापीठाचं नेतृत्व तिशीत निवडायची गोष्ट नाही. नेमणुका, अंदाजपत्रक, विद्यार्थ्यांच्या तक्रारी, निधी उभारणं यांत दिवस जातो आणि स्वतःचं संशोधन मागे पडतं. जॉन हेनेसी स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक होते, १९८४मध्ये त्यांनी मिप्स ही प्रोसेसरची कंपनी उभारली, विद्यापीठात परतले आणि २००० ते २०१६ अध्यक्ष राहिले. त्यांना डेव्हिड पॅटरसन यांच्यासोबत संगणकशास्त्रातला २०१७चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यामागचं रिस्क (RISC, म्हणजे मोजक्या, सोप्या सूचनांवर चालणाऱ्या) प्रोसेसरवरचं मूळ काम मात्र १९८०च्या दशकातलं, अध्यक्षपदाच्या कितीतरी आधीचं.

माझा कल स्पष्ट आहे. विद्यापीठात जाण्याची थोडीशीही इच्छा असेल तर पीएचडी आधी करा, मग खुशाल कंपनीत जा. उलटा प्रवास कठीण पडतो, कारण गोपनीय कामावर शोधनिबंध लिहिता येत नाहीत आणि प्राध्यापकाची निवड करताना समिती तेच आधी पाहते. कंपनीत जाणारच असाल तर सही करण्याआधी करारातली पेटंट आणि प्रकाशनाबद्दलची कलमं नीट वाचा. निबंध छापायला परवानगी मिळू शकत असेल तर ते लेखी घ्या.