सोफा-कम-बेड की वॉल बेड: हॉलमध्ये रोज झोपणाऱ्यांसाठी

डोंबिवलीतलं आमचं घर वन बीएचके आहे. आई-बाबा बेडरूममध्ये, मी आणि बायको हॉलमध्ये, आणि मुलगी जिथे झोप येईल तिथे. हॉल दहा बाय चौदाचा. 2016 ते 2021 आम्ही सोफा-कम-बेडवर झोपलो, त्यानंतर वॉल बेडवर, म्हणजे मिटल्यावर भिंतीला उभा राहणाऱ्या पलंगावर. दोन्ही रोज वापरलेत, म्हणून लिहितोय. पाहुण्यांसाठी वर्षातून चारदा लागणाऱ्या जादा पलंगाचा विचार करत असाल, तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही. तेवढ्यासाठी सोफा-कम-बेड पुरेसा आहे.

दोन्ही वस्तू दिसायला कशा असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. वॉल बेडला दुकानदार मर्फी बेडही म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत एका खोलीत राहणाऱ्या विल्यम मर्फीने तो प्रचारात आणला, त्यावरून ते नाव पडलं. हे नाव आता कोणा एका कंपनीचं राहिलेलं नाही, हे 1989 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानेच मान्य केलं. त्यामुळे ‘ओरिजिनल मर्फी’ अशा शब्दांना भुलून जास्त पैसे मोजू नका. मुळात कल्पना मर्फीच्याही आधीची. शिकागोत फर्निचरचं दुकान चालवणाऱ्या सारा गुड यांनी 1885 मध्येच घडीच्या पलंगाचं पेटंट घेतलं होतं. तिचा पलंग मिटला की त्याचं लिहायचं मेज व्हायचं, कागद-दौत ठेवायला कप्पेसुद्धा होते. लहान खोल्यांत राहणाऱ्यांची नड तिने किती नेमकी ओळखली होती, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता माझी नड सांगतो, कारण माझा निर्णय तिच्यावरच झाला. माझी सेकंड शिफ्ट असते, घरी यायला साडेअकरा होतात. बायको बरेचदा मुलीला घेऊन खालीच चटईवर लवंडलेली असायची. मी आलो की टीपॉय सरकवायचा, उशा-लोड उचलायचे, सोफा ओढायचा. हे सगळं मी केलं असतं. पण अंथरूण-पांघरूण असायचं आतल्या कपाटात. बेडरूमचं दार उघडलं, कपाटाची कडी वाजली की आई जागी व्हायची. ती कधी काही बोलली नाही. पण तिची झोप एकदा मोडली की पहाटेपर्यंत लागत नाही, हे मला माहीत होतं. पाच वर्षं मी रोज रात्री तिला उठवलं.

मग सोफ्याच्या पोटातच अंथरूण का ठेवलं नाही? आमचा ओढायचा प्रकार होता. त्यात खालची जागा पलंगाच्या दुसऱ्या अर्ध्या भागानेच व्यापलेली असते. पाठ पाडायच्या प्रकारात खाली पेटी मिळते, पण मावशीकडे पाहिलंय, तिच्यात दोन उशा आणि दोन चादरी गेल्या की गोधडीला जागा उरत नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्या पेटीतल्या चादरींना जो कुबट वास येतो, तो धुतल्याशिवाय जात नाही. मधल्या सांध्याचा त्रास वेगळाच. काहींना तो जाणवत नाही म्हणतात, मला जाणवायचा. वर जाड गोधडी घातली की भागतं, पण मग त्या गोधडीलाही कपाट आलंच.

वॉल बेडमध्ये चादर, उशा, पांघरूण गादीवरच पट्ट्याने बांधून पलंग उभा होतो. रात्री खाली ओढला, पट्टा सोडला, झोपलो. बेडरूमचं दार उघडावंच लागत नाही. पहिल्या आठवड्यात आईने सकाळी चहा देताना विचारलं, “काल आलास कधी रे?”

याचा अर्थ वॉल बेडमध्ये खोट नाही असं नाही. मला तो सोफा-कम-बेडच्या जवळपास तिप्पट पडला. बाबांना दुपारी जरा आडवं व्हायचं असतं, तेव्हा त्यांना उठून आत जावं लागतं. आधी ते बसल्या जागी पाय लांब करायचे. बसायला वेगळ्या खुर्च्या घ्याव्या लागल्या. गणपतीत मखर त्याच भिंतीला असतं, त्यामुळे पाच दिवस पलंग उघडत नाही आणि आम्ही सगळे खाली झोपतो. आणि कापसाची गादी त्यात चालत नाही. उभी राहिली की कापूस खाली उतरतो आणि महिन्याभरात डोक्याकडे नुसती खोळ उरते. फोम किंवा काथ्याचीच गादी लागते. आजीची गादी त्यासाठी द्यावी लागली, याचं मला अजून वाईट वाटतं.

बसवताना माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. मी गादी नंतर निवडली. आधी बसवलेले गॅस पिस्टन, म्हणजे पलंग उचलायला जोर देणाऱ्या गॅसच्या नळ्या, तिच्या मानाने जास्त जोराचे निघाले आणि कोणी झोपलेलं नसलं की पलंग हळूहळू वर यायचा. पिस्टन बदलावे लागले. म्हणून आधी गादी घ्या, तिचं वजन सुताराला सांगा, मग पिस्टन ठरवा. पिस्टनवर लिहिलेला जोर साधारण 20 अंश तापमानाचा असतो आणि दर दहा अंशांना तो तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढतो. आमच्याकडे फरक कळत नाही, पण नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पलंग खाली ओढताना थोडा जड लागेल असं मला वाटतं.

भिंत मात्र नीट पाहा. मायव्हान पद्धतीच्या नव्या इमारतींत सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतात, तिथे बोल्ट घट्ट बसतात. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकला वेगळे फास्टनर लागतात. जिप्समच्या पार्टिशनवर तर विषयच नको. पावसाचा मारा घेणारी बाहेरची भिंत टाळा. आमच्या शेजाऱ्यांनी तीच निवडली आणि दुसऱ्या पावसाळ्यात मागचं प्लाय फुगलं. प्लाय आयएस 710 चं, म्हणजे मरीन घेतलेलं बरं. शिवाय सकाळी उठल्या उठल्या पलंग मिटू नका. आम्ही आंघोळी होईपर्यंत उघडाच ठेवतो, गादीला वारा लागतो.

भाड्याच्या घरात असाल तर मी सोफा-कम-बेडच घ्या म्हणेन. मालक भिंतीला भोकं पाडू देईलच असं नाही, आणि अकरा महिन्यांनी सगळं उचलायचं असतं. आमचा जुना सोफा आता पुण्याला मामेभावाकडे आहे. तो एकटा राहतो, अंथरूण दिवसभर तसंच पसरलेलं असतं, आणि त्याची काही तक्रार नाही.

पण घर स्वतःचं असेल, हॉलमध्ये रोज झोपायचं असेल आणि आतल्या खोलीत कोणी हलक्या झोपेचं माणूस असेल, तर थोडे थांबून, पैसे साठवून वॉल बेड करा. त्याआधी खडूने जमिनीवर पाच बाय सव्वासहाचा चौकोन आखा आणि आठवडाभर तो मोकळा ठेवून बघा. आमच्याकडे शिलाई मशीन त्यात येत होतं. ते आता खिडकीखाली गेलंय, आणि बायको म्हणते तिथे उजेडही चांगला येतो.