जिताड्याची फ्लाय: आखूड दांडीचा गळ की लांब दांडीचा?

जिताडा या खाडीतल्या माशासाठी फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेलं नकली आमिष, बांधायची तर गळाचा आकार चटकन ठरतो. आमच्या खाडीला १/० किंवा २/० नंबरचा पुरतो. अडतं ते दांडीपाशी, म्हणजे गळाचा डोळा आणि वाक यांच्यामधल्या सरळ भागापाशी. मी दोन्ही गळ वापरलेत, तेही बहुतेक मालवणजवळच्या कालावलच्या खाडीत, कांदळवनाच्या कडेने. तेव्हा हे सगळं तेवढ्याच पाण्याचं समजा.

पकडीत आखूड दांडी सरस वाटते, हे आधीच कबूल करतो. जिताडा पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो तेव्हा लांब दांडी तरफेचं काम करते आणि गळ उचकटतो. माझे दोन मासे असेच गेले असावेत. 'असावेत' म्हणतो, कारण निसटलेल्या माशाचं कारण गरवणारा आपल्या सोयीने ठरवतो.  

माझं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. परदेशात अशा फ्लायला वापरतात ते हरणाच्या शेपटीचे केस आपल्याकडे कुठून आणणार? मी खाटकाकडून बोकडाची शेपटी आणतो, धुतो, वाळवतो. हे केस मऊ. बोयच्या पिल्लाएवढी, चार बोटं लांब फ्लाय आखूड दांडीवर बांधली की फेकताना केस मागे दुमडतात आणि गळाच्या वाकात अडकून बसतात. लांबून काही कळत नाही. फ्लाय आडवीतिडवी ओढली जाते आणि मासा ढुंकूनही बघत नाही. एका संध्याकाळी सुकती (ओहोटी) लागली होती, मुळांपाशी बोय उडत होती, जिताडे आवाज करत खात होते, आणि मी अर्धा तास असली गुंडाळी ओढत उभा. शेजारी पाग टाकणारे काका शेवटी म्हणाले, "तुझो मासो मेललो आसा काय रे?"

शेपटीखाली जाड नायलॉनचा छोटा फास बांधला की हे बरंच थांबतं. मी बांधून पाहिला. पण दर फ्लायला पाच मिनिटं जादा, आणि नायलॉन कडक निघालं तर शेपटीची वळवळच जाते.

लांब दांडीवर ही भानगडच कमी. चार बोटांतलं दीड बोट दांडीच खाते, केस वाकाजवळ बांधता येतात, मागे लोंबायला फारसं उरत नाही. अमेरिकेतले नामवंत फ्लाय-गरवणारे लेफ्टी क्रे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या चेसापीक खाडीसाठी 'डिसीव्हर' नावाची फ्लाय बांधली, तेव्हा पिसं दांडीच्या मागच्या टोकाला नेली ती याच त्रासापायी. सुरमईवर जाणार असाल तर लांब दांडी दातांपासून लीडरलाही, म्हणजे फ्लायला बांधलेल्या दोरीच्या शेवटच्या तुकड्यालाही, थोडी वाचवते.

तांबोशीसाठी दोन बोटांची फ्लाय बांधत असाल तर मात्र आखूडच घ्या, तिथे केस गुंडाळायला जागाच नसते. चार बोटांची बांधणार असाल, तर माझ्या डब्यात आखूड दांडीचे सात-आठ गळ पडून आहेत. एकदा बांधून बघायचेच असतील तर विकत घेऊ नका, मालवणात आलात की घेऊन जा.