एसएफटीपी आणि क्रॉनवर नऊ महिने: पाठवणं सोपं, भरणं अवघड

तीन सर्व्हर रोज रात्री सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) फाईली पाठवतात आणि त्या सकाळच्या आत पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरायच्या, एवढंच काम. आधी हे एक सहकारी हाताने करायचा. तो रजेवर गेला की रिपोर्ट शिळे. विकतचं सॉफ्टवेअर न घेता ओपनएसएसएचचं एसएफटीपी (सुरक्षित जोडणीवरून फाईल पाठवायची सोय), दोन बॅश स्क्रिप्ट आणि ठरल्या वेळी त्या चालवणारं क्रॉन यांच्यावर भागवायचं ठरवलं. आता नऊ महिने झालेत, म्हणून लिहितोय.

फाईल इकडून तिकडे नेण्याबद्दल तक्रार जवळपास नाहीच. सगळं एकट्या २२ नंबरच्या पोर्टवरून जातं. एफटीपीएस या दुसऱ्या पद्धतीला डेटासाठी वेगळी पोर्टं लागतात आणि ती फायरवॉलमध्ये उघडून घेताना जीव जातो, तो प्रकार इथे नाही. लॉगिनला ईडी२५५१९ की (पासवर्डऐवजी चालणारी किल्ल्यांची जोडी) वापरली, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहायची वेळ आली नाही. प्रत्येक पाठवणाऱ्याला वेगळं खातं, शेल (कमांड चालवायची सोय) बंद, आणि आपल्या फोल्डरच्या वरचं काही दिसणार नाही अशी क्रूटची सोय. या क्रूटने पहिल्याच दिवशी दोन तास खाल्ले. ते फोल्डर रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्याच मालकीचं असावं लागतं आणि त्या खात्याला त्यात लिहिता येता कामा नये. लिहायला आत आणखी एक फोल्डर द्यायचं. नियम योग्यच आहे, पण चूक झाली की पाठवणाऱ्याला फक्त कनेक्शन तुटलेलं दिसतं. कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडतं आणि मी तासभर क्लायंटकडेच शोधत बसलो होतो.

खरं घोडं अडलं ते दुसऱ्या महिन्यात. फाईल येत असतानाच माझ्या स्क्रिप्टने ती उचलली. एरवी ओळ अर्धी तुटली तर रकाने कमी पडतात आणि पोस्टग्रेसची फाईल भरणारी कॉपी कमांड अख्खी फाईल नाकारते. आमची ओळ नेमकी शेवटच्या रकान्यात तुटली. तो रकाना रकमेचा. १२५०० चे १२५ झाले, कुठेही एरर नाही, लॉगमध्ये सगळं छान! हिशेब जुळवणाऱ्या मुलीने तीन दिवसांनी विचारलं तेव्हा कळलं.

तेव्हापासून फाईल आधी शेवटी ‘पार्ट’ लावलेल्या नावाने येते आणि पूर्ण झाल्यावर तिचं नाव बदलतं. एकाच फाईलसिस्टीमवर नाव बदलणं एका फटक्यात होतं, अर्धवट अवस्था कुणाला दिसत नाही. एसएफटीपीच्या बॅच मोडमध्ये (लिहून दिलेल्या कमांड ओळीने चालवताना) अपलोड फसलं तर तो तिथेच थांबतो, पुढची नाव बदलायची ओळ चालतच नाही. हे वागणं मला फार आवडतं. सोबत एसएचए-२५६ ची बेरीज, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडाही मागवतो, ती जुळली तरच पुढे. आरसिंक हे फाईल पाठवायचं दुसरं साधन तात्पुरत्या नावाचं काम आपणहून करतं, पण पाठवणाऱ्यांपैकी एकाकडे एसएफटीपीशिवाय काहीच नव्हतं.

डेटाबेसच्या बाजूला आधी सगळं कच्च्या टेबलात ओतायचं, तपासायचं, मग मुख्य टेबलात न्यायचं. फाईलची बेरीज एका नोंदीच्या टेबलात जाते आणि ती नोंद नि ओळी भरणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. स्क्रिप्ट मध्येच मेली तर दोन्ही नाहीत, आणि तीच फाईल दोनदा आली तर दुसरी परत जाते. पासवर्डच्या फाईलची परवानगी ०६०० ठेवा, नाहीतर पोस्टग्रेसचा क्लायंट तिच्याकडे बघतही नाही.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे गप्प बसणं. पाठवणाऱ्यांपैकी एकाकडून आमच्या दुसऱ्या सर्व्हरवर फाईली जायच्या. तो सर्व्हर नव्याने उभारला गेला, त्याची होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी की) बदलली आणि एसएफटीपीने जोडायला नकार दिला. ते बरोबरच होतं. पण क्रॉनची मेल रूटच्या अशा पेटीत गेली जी कुणी उघडत नाही. चार दिवस! होस्ट की तपासणं बंद करून टाक, असा सल्ला लगेच मिळाला. ऐकला नाही; मग समोर खरा सर्व्हर आहे की भलताच, हे कोण सांगणार? फोन करून नव्या कीचा ठसा जुळवला आणि ती नोंदवली. आता सकाळी सहाला एक वेगळंच मशीन नोंदीच्या टेबलाला विचारतं, आज तिघांची फाईल भरली का? नसेल तर मेसेज येतो. एररची वाट बघणं सोडून दिलंय.

डॅशबोर्ड नाही, पुन्हा प्रयत्न करायची सोय स्वतः लिहावी लागते. तीन-चार जोडण्यांना हे पुरतं. पन्नास असत्या तर मी स्वतः तयार सॉफ्टवेअर मागितलं असतं. किल्ल्या बदलणंही अजून हातानेच. मागच्या महिन्यात तेच करताना यादीत एक की सापडली, शेजारी नाव नाही, कुणाला आठवतही नाही. काढून टाकली आणि आठ दिवस कोण ओरडतंय याची वाट पाहिली. कुणीच ओरडलं नाही.