गिटार दुरुस्तीला दिली आणि ब्रिजच बदलून आला

दादाने अमेरिकेहून येताना त्याची फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार माझ्यासाठी आणली. जुन्या धाटणीची, सहा स्क्रूंवर बसवलेला ब्रिज (तारा जिथे अडकवतात तो धातूचा भाग), आणि त्यावरच्या प्रत्येक सॅडलवर, म्हणजे एकेक तार जिच्यावर टेकते त्या पट्टीवर, इंग्रजीत कंपनीचं नाव ठोकलेलं. मी हौसेने नऊ नंबरच्या तारा काढून दहाच्या, म्हणजे जरा जाड, चढवल्या आणि गिटार बिघडली. मोकळ्या तारा सुरात, पण बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) आसपास कॉर्ड धरला की सगळं चढं लागायचं. ब्रिजची मागची बाजूही उचललेली दिसत होती.

पुण्यातल्या एका दुकानात नेली. तिथल्या माणसाने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, ब्रिज गेलाय. इंपोर्टेड टाकावा लागेल." साडेनऊ हजार ब्रिजचे, पंधराशे मजुरी. मी हो म्हटलं. गिटार चार दिवसांसाठी ठेवून घेतली आणि मला फक्त "रिपेअरिंग" लिहिलेली चिठ्ठी दिली.

परत घेताना त्याने मोकळ्या तारा छेडून दाखवल्या. सुरात होत्या. घरी आले, बारावा फ्रेट दाबला, ट्यूनरचा काटा पुन्हा चढाच. फोन केला तर म्हणाला, "नवीन ब्रिज आहे, सेटल व्हायला वेळ लागतो." मी तीन महिने वाट पाहिली. आता कळतं, ब्रिज असा आपोआप सेटल होत नसतो.

मग एक तार तुटली आणि ती बदलताना सॅडल जवळून पाहिले. सगळे कोरे, अक्षरांचा मागमूस नाही. मागचं झाकण काढलं आणि फ्रिजवरचा लोहचुंबक ब्रिजच्या खाली आत असलेल्या धातूच्या ठोकळ्याला लावला. चिकटलाच नाही. दादाच्या ब्रिजचा ठोकळा पोलादी होता, हा जस्ताचा स्वस्त ओतीव. जुना ब्रिज मागायला गेले तर उत्तर मिळालं, "तो भंगारात गेला." एवढा जड, धडधाकट पोलादी ब्रिज भंगारात कोण टाकतं?

चीड याची जास्त येते की मुळात ब्रिजमध्ये बिघाड काहीच नव्हता. जाड तारांचा ताण जास्त, त्यांनी ब्रिज पुढे ओढला. तारा फ्रेटपासून वर गेल्या आणि लांबीलाही किंचित आखूड झाल्या, म्हणून सूर चढला. एका ओळखीच्या वादकाने माझ्यासमोर बसून दुरुस्त केलं. तारांच्या ताणाविरुद्ध ब्रिजला मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा मागच्या पोकळीत असतात, तिथे चौथी स्प्रिंग लावली, स्प्रिंगा धरणारे दोन लांब स्क्रू आवळले, ब्रिज खाली बसला. मग नव्या तारा लावल्या, कारण जुन्या, गंजक्या तारांवर हे काम करण्यात अर्थ नसतो. बाराव्या फ्रेटवर आधी हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर), मग तार दाबून तोच स्वर. दाबलेला चढा असेल तर सॅडलचा स्क्रू आवळून सॅडल मागे, उतरलेला असेल तर सैल करून पुढे, आणि दर वेळी तार पुन्हा सुरात आणायची. सहा तारांना जेमतेम तास लागला. साहित्य म्हणाल तर स्क्रूड्रायव्हर, ट्यूनर आणि सॅडलची उंची बदलायला बारीक अॅलन की.

मी मूळची मिरजेची. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर समोर बसून पुन्हा पुन्हा तार छेडतो, आपल्याला ऐकवतो, हे मी लहानपणापासून पाहिलंय. तरी मी गिटार टाकून निघून आले, ही माझी चूक.

तुमची गिटार दुकानात देणार असाल तर आधी मागचं झाकण काढून ठोकळ्याचा, स्प्रिंगांचा आणि सॅडलवरच्या अक्षरांचा फोटो दुकानदारासमोरच काढा. पार्ट बदलायचा म्हणाला तर पार्टचं नाव असलेलं पक्कं बिल घ्या आणि जुना पार्ट परत हवा हे चिठ्ठीवर लिहून घ्या. घेताना मोकळ्या तारांवर समाधान मानू नका, बारावा फ्रेट समोर तपासायला लावा.

माझ्याकडे असा एकही फोटो नव्हता. परवा दादाने त्याच्या जुन्या फोनमधून एक शोधून पाठवला. मोठा केला की सॅडलवरची अक्षरं स्पष्ट वाचता येतात. तो घेऊन मी शनिवारी पुन्हा त्या दुकानात जाणार आहे.